आई-बाबांना घेऊन कॅरिबियन क्रूझ: जहाजावर आणि बेटांवर काय अपेक्षा ठेवावी?

मृण्मयी_एडिसन

नमस्कार. आई-बाबा डिसेंबरअखेर नाशिकहून आमच्याकडे येत आहेत आणि फेब्रुवारीत त्यांना घेऊन मायामीहून निघणाऱ्या सात रात्रींच्या कॅरिबियन क्रूझला जावे, असा आमचा विचार आहे. आईचे गुडघे दुखतात. जिना चढता येतो, पण सावकाश आणि कठड्याचा आधार घेऊन. बाबा शाकाहारी आहेत, त्यांना अंडेही चालत नाही. दोघांनीही आजवर समुद्रप्रवास केलेला नाही, आणि क्रिकेट सोडले तर वेस्ट इंडिजशी बाबांचा काही परिचय नाही.

आमच्यासमोर दोन मार्ग आहेत. पूर्वेकडच्या मार्गावर सान हुआन, सेंट थॉमस आणि सिंट मार्टेन आहेत. पश्चिमेकडच्या मार्गावर जमैका, ग्रँड केमन आणि कोझुमेल. कंपन्यांच्या जाहिरातींत तरणतलाव आणि घसरगुंड्या भरपूर दिसतात, परंतु वयस्कर माणसांचा दिवस तिथे प्रत्यक्षात कसा जातो, छापील भाड्यावर आणखी किती खर्च होतो आणि बंदराला लागल्यावर मिळणाऱ्या सात-आठ तासांत काय पाहावे, हे नीट समजत नाही. जाऊन आलेल्यांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

हेमंत_ह्यूस्टन

सर्वांत आधी कागदपत्रे पाहा, कारण बाकी सगळ्या गोष्टींना बंदरावर ऐन वेळी तोड काढता येते, यांना येत नाही. जहाज अमेरिकेबाहेर जाऊन परत येते, म्हणजे आई-बाबांचा अमेरिकेत पुन्हा प्रवेश होतो. त्यांच्या पासपोर्टवरचा व्हिसा एकाहून अधिक प्रवेशांचा आहे ना, आणि परतीच्या तारखेनंतरही वैध राहतो ना, याची खात्री करून घ्या. मायामीहून निघून तिथेच परतणाऱ्या क्रूझवर नुसत्या जन्मदाखल्यावर जाता येते असे जे वाचायला मिळते, ते अमेरिकन नागरिकांपुरते आहे. परतल्यावर त्यांच्या मुक्कामाचे सहा महिने नव्याने मोजले जातील, असेही गृहीत धरू नका. तुमच्यापैकी कोणी एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर असेल आणि पासपोर्टवरच्या त्याच्या शिक्क्याची मुदत संपली असेल, तर आरक्षणापूर्वी वकिलाचा सल्ला घ्या. प्रत्येक बेटाच्या व्हिसाची अट क्रूझ कंपनीकडून लेखी मागवा. भारतीय पासपोर्टचा उल्लेख स्पष्टपणे करा.

तुमच्या आईंचे गुडघे लक्षात घेता मी पूर्वेकडचा मार्ग सुचवेन. ग्रँड केमनला मोठ्या जहाजांसाठी धक्काच नाही. तो बांधावा की नाही यावर २०२५ मध्ये तिथे सार्वमत झाले आणि लोकांनी नकार दिला. त्यामुळे जहाज खोल पाण्यात नांगर टाकते आणि प्रवाशांना लहान होड्यांतून किनाऱ्यावर नेतात. होडी लाटेबरोबर वरखाली होत असताना जहाजाच्या दारातून तिच्यात पाऊल टाकावे लागते. खलाशी दोन्ही बाजूंनी हात धरतात, तरीही गुडघेदुखी असलेल्या माणसाला तो क्षण अवघड जातो, आणि वारा वाढला तर ते बंदर रद्दच होते. तुमच्या पूर्वेकडच्या तिन्ही बंदरांत जहाज धक्क्याला लागते. मात्र डिसेंबर ते फेब्रुवारी या काळात त्या बाजूला व्यापारी वारे जोरात असतात आणि जहाज थोडे अधिक हलते, हे मनात धरूनच निर्णय घ्या. चक्रीवादळांचा अधिकृत हंगाम १ जून ते ३० नोव्हेंबर असतो. त्याची चिंता तुम्हाला नाही.

खर्चाचे म्हणाल, तर भाड्यात खोली, मुख्य भोजनगृह, बुफे आणि बहुतेक कार्यक्रम येतात. मद्य, शीतपेये, खास उपाहारगृहे, इंटरनेट आणि बेटांवरच्या सहली यांचे पैसे वेगळे पडतात. शिवाय सेवाशुल्क माणशी दिवसाला साधारण १६ ते २० डॉलर असते, म्हणजे चौघांचे सात रात्रींचे सुमारे ५०० डॉलर धरून ठेवा. जहाजावर रोख व्यवहार नसतो. खोलीचे कार्ड तुमच्या बँक कार्डाशी जोडलेले असते. तिथे डेबिट कार्ड देऊ नका, कारण खर्च होण्यापूर्वीच काही रक्कम अडकवून ठेवली जाते. फोन निघताक्षणी विमान स्थितीत (एअरप्लेन मोडवर) टाका. जहाजावरच्या मोबाइल नेटवर्कचे दर फार चढे असतात. दोघांचाही प्रवास विमा घ्या आणि त्यात समुद्रातून रुग्णालयापर्यंत नेण्याचा खर्च समाविष्ट आहे का, ते वाचून पाहा. जहाजावर डॉक्टर असतो, पण त्याचे बिल मोठे येते आणि तिथल्या तिथे भरावे लागते.

खोली शक्यतो जहाजाच्या मध्यभागी, खालच्या मजल्यावर आणि लिफ्टजवळ घ्या. बिनखिडकीची खोली साधारण १६० ते १८० चौरस फुटांची असते. न्हाणीघर अगदी लहान असते आणि त्याच्या दारात उंच उंबरठा असतो, रात्री उठताना त्याला पाय अडखळतो. उंबरठा नसलेल्या सुलभ खोल्या थोड्याच असतात, त्यामुळे हवी असेल तर आताच मागा. शौचालयात पाण्याचा फवारा नसतो. सोबत एक लहान मग ठेवा.

दर्यावर्दी_वेंगुर्ला

मी मायामीहून सुटणाऱ्या जहाजांच्या भोजनगृहात बरीच वर्षे नोकरी केली आहे, म्हणून आतल्या बाजूने लिहितो. तुम्हाला जहाजावर गोव्याचे, मुंबईचे, आमच्या सिंधुदुर्गातले लोक भेटतील. गोव्यात तारवटींची, म्हणजे जहाजावर नोकरी करणाऱ्यांची, कितीतरी घराणी पिढ्यान्‌पिढ्या याच कामात आहेत. मराठी कानावर पडले की आमच्या पोरांना फार बरे वाटते, तेव्हा बाबांना संकोच न करता बोलायला सांगा.

आरक्षण करतानाच भारतीय शाकाहारी जेवणाची नोंद करा आणि पहिल्या संध्याकाळी भोजनगृहात गेल्यावर हेड वेटरला प्रत्यक्ष भेटा. नोंद संगणकात असते, पण स्वयंपाकघर चालते ते सांगितलेल्या शब्दावर. तिथे शाकाहारी म्हणजे दूध आणि अंडे चालणारा, अशीच समजूत असते. म्हणून अंडे नको, हे वेगळे सांगा आणि केक, ताजा पास्ता, जिलेटिन घातलेली पुडिंगे यांबद्दल मुद्दाम विचारा. हेड वेटर उद्या रात्रीच्या जेवणाची पसंती आजच विचारून घेतो आणि दुसऱ्या दिवशी डाळ, भात, एखादी भाजी, मिळाल्यास पोळी किंवा नान टेबलावर येते. मोठ्या जहाजांच्या बुफेतही बहुधा एखादे भारतीय कालवण असते. दुपारी आणि बंदराच्या दिवशी मात्र खास काही मागितल्यास वेळ लागतो, त्यासाठी बंद पाकिटातला चिवडा, खाकरे जवळ असू द्या. घरी केलेले पदार्थ आणू देत नाहीत. विजेची किटली, इस्त्री, पाणी तापवायची कांडी, मेणबत्ती, उदबत्ती यांपैकी काहीही बॅगेत सापडले तर ते ताब्यात घेतात, कारण समुद्रात आगीइतकी भीती दुसऱ्या कशाचीच नसते. बुफेतले फळ पिशवीत घालून बेटावर किंवा परत मायामीला उतरू नका. शेतमालाचे नियम कडक आहेत.

जहाज सुटण्यापूर्वी सुरक्षेची कवायत होते. २०१२ मध्ये इटलीच्या किनाऱ्यावर कोस्ता कॉन्कॉर्डिया बुडाले, त्यानंतर ही कवायत बंदर सोडण्याआधी किंवा सोडताच घेण्याचा आंतरराष्ट्रीय नियम झाला. आता बहुतेक ठिकाणी चित्रफीत फोनवर पाहून आपल्या जमण्याच्या जागी हजेरी लावायची असते. आई-बाबांना ती जागा जिन्याने चालत जाऊन दाखवा, कारण खरी वेळ आली तर लिफ्ट बंद असतात.

मळमळीची गोळी त्रास सुरू होण्याआधी घ्यावी लागते, नंतर ती पोटात टिकत नाही. कोणती घ्यावी, हे त्यांच्या रक्तदाबाच्या आणि इतर औषधांची यादी दाखवून निघण्यापूर्वी डॉक्टरांना विचारा. त्रास झालाच तर खोलीत पडून राहण्यापेक्षा मधल्या मजल्यावर मोकळ्या हवेत बसून क्षितिजाकडे पाहावे, सोबत आले आणि कोरडे बिस्कीट. जुलाब-उलट्यांचा नोरोव्हायरस जहाजावर झपाट्याने पसरतो आणि भोजनगृहाच्या दारातले सॅनिटायझर त्याला पुरेसे नसते. प्रत्येक जेवणापूर्वी साबणाने हात धुवावेत. अमेरिकेची सीडीसी ही रोगनियंत्रण संस्था जहाजांच्या स्वच्छतेची तपासणी करून १०० पैकी गुण प्रसिद्ध करते. ८५ किंवा त्याहून कमी म्हणजे नापास. तुमच्या जहाजाचे गुण तिथे पाहता येतील.

एक कळकळीची विनंती. काही प्रवासी शेवटच्या दिवशी काउंटरवर जाऊन सेवाशुल्क बिलातून काढून टाकतात. तुमची खोली दररोज आवरणारा, बाबांची डाळ लक्षात ठेवणारा मुलगा आठवड्याचे सातही दिवस, रोज दहा-दहा तास आणि अधिक, असे सहा-आठ महिने सलग काम करत असतो. ती रक्कम त्याच्या मिळकतीचा मोठा भाग आहे. कृपया ती काढू नका.

वृषाली_टोरांटो

जहाजाबद्दल वर सगळे आले आहे, मी बेटांबद्दल लिहिते. धक्क्याच्या फाटकाबाहेर पहिल्यांदा दिसतात ती दागिन्यांची, घड्याळांची आणि दारूची करमुक्त दुकाने, आणि पुष्कळ प्रवासी तेवढीच पाहून परततात. माझ्या मते हे फार मोठे नुकसान आहे, कारण या प्रत्येक बेटाला स्वतःचा इतिहास आहे.

तुमच्या यादीत सान हुआन आहे, त्याला अधिकाधिक वेळ द्या. जुने शहर धक्क्यासमोरच सुरू होते. गल्ल्यांमधली फरसबंदी निळसर रंगाची आहे. लोखंडाच्या भट्टीतील मळीपासून ओतलेल्या त्या विटा पावसाच्या सरीनंतर निळ्या-जांभळ्या चमकतात आणि तितक्याच निसरड्या होतात, म्हणून आईंना रबरी तळव्याचे बूट घालू द्या. टोकाला एल मोरो हा समुद्राच्या तोंडावरचा किल्ला आहे. १५३९ मध्ये स्पॅनिशांनी त्याचे काम सुरू केले, १५९५ मध्ये इंग्रज दर्यावर्दी फ्रान्सिस ड्रेकचा हल्ला इथल्या तोफांनी परतवला, आणि १९८३ पासून तो जागतिक वारसास्थळ आहे. विजयदुर्ग पाहिलेल्या माणसाला इथे पाण्यावर नजर ठेवणारे बुरूज आणि तोफांच्या खिडक्या पाहताना लगेच ओळख पटते. किल्ला सहा पातळ्यांवर आहे आणि उतार तीव्र आहेत. आईंना वरच्या प्रांगणातूनही समुद्र आणि बंदराचे मुख पूर्ण दिसते, खाली उतरण्याची गरज नाही. शहरापासून किल्ल्यापर्यंत चढ आहे, तेवढी टॅक्सी करा. जहाज तिथे किती वाजता पोहोचते, हे मात्र आरक्षणापूर्वी तपासा. पुष्कळ जहाजे दुपारी उशिरा लागतात आणि किल्ला संध्याकाळी बंद होतो.

सेंट थॉमस हे बेट अमेरिकेने १९१७ मध्ये डेन्मार्ककडून विकत घेतले. शार्लट अमाली गावातल्या जाड भिंतींच्या डॅनिश वखारींत आता दुकाने आहेत. गाड्या अमेरिकन, चालक डावीकडे बसलेला, आणि तरीही वाहतूक रस्त्याच्या डाव्या बाजूने. रस्ता ओलांडताना सवयीने चुकीकडे पाहिले जाते. मागे बाकडी बसवलेल्या उघड्या टॅक्सींतून मॅगेन्स बे किनाऱ्यावर जाता येते, भाडे माणशी ठरलेले असते. त्या टॅक्सींच्या पायऱ्या उंच असतात, आईंसाठी बंद व्हॅन मागा. तिथे ऑक्सिबेन्झोन आणि ऑक्टिनोक्सेट असलेल्या सनस्क्रीनवर प्रवाळांच्या रक्षणासाठी कायद्याने बंदी आहे, तेव्हा बाटलीवरची घटकांची यादी वाचूनच ती विकत घ्या.

सिंट मार्टेनचा दक्षिण भाग डच आणि उत्तर भाग फ्रेंच आहे. ही वाटणी १६४८ च्या तहाने झाली आणि सीमेवर कोणी अडवत नाही. फिलिप्सबर्गच्या फ्रंट स्ट्रीटवर सिंधी व्यापाऱ्यांची दुकाने आहेत, त्यामुळे बाबांना तिथे हिंदी ऐकू येईल. माहो किनाऱ्यावर विमाने डोक्यावरून उतरतात. ते पाहा, पण धावपट्टीच्या कुंपणाजवळ मुळीच उभे राहू नका. उड्डाण करणाऱ्या विमानाच्या झोताने तिथे २०१७ मध्ये एका पर्यटक महिलेचा मृत्यू झाला आहे.

बाबांना क्रिकेटचे वेड असेल, तर पुढे कधी सान हुआनहून सुटणाऱ्या दक्षिणेकडच्या क्रूझचा विचार करा. त्यांतल्या पुष्कळ बार्बाडोसला जातात आणि ब्रिजटाउनचे केन्सिंग्टन ओव्हल तिथल्या बंदरापासून जवळ आहे. २९ जून २०२४ रोजी भारताने टी-ट्वेंटी विश्वचषक तिथेच जिंकला. १९७१ च्या दौऱ्यात वाडेकरांच्या संघाने वेस्ट इंडिजला पहिल्यांदा हरवले ते त्रिनिदादच्या पोर्ट ऑफ स्पेनला. त्या मालिकेतले गावसकरांचे ७७४ धावांचे आकडे आणि किंग्स्टनमधले दिलीप सरदेसाईंचे २१२ आमच्या घरातल्या वडीलधाऱ्यांना आजही तोंडपाठ आहेत. तिकडे जाणार असाल तर एक गोष्ट लक्षात ठेवा: बार्बाडोस, जमैका, सेंट लुसिया अशा अनेक देशांत लष्करी छापाचे कपडे घालणे नागरिकांना बेकायदा आहे, लहान मुलांनासुद्धा.

मृण्मयी_एडिसन

आपणा सर्वांचे मनापासून आभार. पूर्वेकडचा मार्ग नक्की केला. सान हुआनला सकाळी लागणारे जहाज मिळते आहे, म्हणून तारीख एक आठवडा पुढे नेली. खोली सहाव्या मजल्यावर, मध्यभागी, उंबरठा नसलेली मिळाली. एकच प्रश्न उरला आहे: बेटांवरच्या सहली जहाजाकडूनच घ्याव्यात, की स्वतः ठरवाव्यात? जहाजाचे दर जवळजवळ दुप्पट दिसतात.

हेमंत_ह्यूस्टन

सान हुआनच्या जुन्या शहरासाठी आणि फिलिप्सबर्गसाठी जहाजाच्या सहलीची गरज नाही. ते पायी आणि टॅक्सीने उत्तम होते. बेटाच्या दुसऱ्या टोकाला जायचे असेल, तर जहाजाकडून घ्या, कारण त्यांची बस रस्त्यात अडकली तर जहाज थांबते. स्वतः गेलेल्या प्रवाशांसाठी ते थांबत नाही आणि पुढच्या बंदरापर्यंतचा विमानखर्च आपला आपण करावा लागतो. म्हणून चौघांचेही पासपोर्ट किंवा निदान त्यांच्या छायाप्रती, आणि एक दिवसाची औषधे जवळ ठेवा. फेब्रुवारीत या तिन्ही बेटांची घड्याळे मायामीच्या एक तास पुढे असतात, पण जहाज आपले घड्याळ बदलेलच असे नाही, आणि फोन मात्र किनाऱ्याची वेळ आपोआप दाखवू लागतो. बाबांच्या मनगटावरचे घड्याळ जहाजाच्या वेळेवर लावा आणि परत चढण्याच्या शेवटच्या वेळेआधी एक तास धक्क्यावर या.