मिनीमूगवर फिल्टरच्या एन्व्हलपचा परिणाम ऐकू का येत नाही?

प्रश्न:
मी मिनीमूग मॉडेल डी या सिंथेसायझरची सॉफ्टवेअर आवृत्ती वापरतो आणि तार छेडल्यासारखा स्वर तयार करू पाहत आहे. लाउडनेसच्या एन्व्हलपमध्ये (आवाजाचा काळानुसार चढ-उतार ठरवणाऱ्या भागात) अटॅक (चढण्याचा काळ) व सस्टेन (पट्टी दाबलेली असताना टिकणारी पातळी) शून्यावर आणि डिके (त्या पातळीपर्यंत उतरण्याचा काळ) मध्यम ठेवल्यावर स्वर अपेक्षेप्रमाणे विरतो. परंतु फिल्टरच्या (वरच्या कंप्रता कापणाऱ्या भागाच्या) एन्व्हलपचा कोणताही नॉब फिरवला तरी काहीच बदलत नाही. शिवाय रिलीजचा (पट्टी सोडल्यावर स्वर विरण्याच्या काळाचा) नॉब मला कुठेच सापडला नाही. तो कुठे असतो?

प्रतिसाद १:
कटऑफ (ज्या कंप्रतेच्या वरचा भाग फिल्टर कापतो ती सीमा) बहुधा आपण आधीच पूर्ण उघडा ठेवला आहे. एन्व्हलप कटऑफच्या मूळ जागेत भर घालतो. ती जागाच ऐकू येणाऱ्या कंप्रतांच्या वर असेल, तर त्या भरीने स्वरात काय बदलणार? कटऑफ बराच खाली आणा, ‘अमाउंट ऑफ काँटूर’ (एन्व्हलपची मात्रा) वाढवा आणि मगच अटॅक-डिकेकडे वळा. ऑसिलेटरवर (मूळ लहर निर्माण करणाऱ्या भागावर) त्रिकोणी लहर असल्यास ती बदलून करवती लहर घ्या, कारण त्रिकोणी लहरीत वरचे हार्मोनिक्स (मूळ स्वराच्या पटीतल्या कंप्रता) इतके क्षीण असतात की फिल्टरला कापण्यासारखे फारसे काही उरत नाही. छेडलेल्या तारेत वरचे हार्मोनिक्स आधी विरतात आणि मूळ स्वर मागे रेंगाळतो, म्हणून फिल्टरचा डिके लाउडनेसच्या डिकेपेक्षा आखूड असावा. तो लांब ठेवला, तर फिल्टर मिटण्याआधीच आवाज संपलेला असतो.

प्रतिसाद २:
रिलीजचा स्वतंत्र नॉब मिनीमूगवर नाहीच. संगीतकार व्लादिमिर उसाचेव्स्की यांनी 1965 मध्ये मूग सिंथेसायझरचे जनक रॉबर्ट मूग यांना सुचवलेल्या एन्व्हलपमध्ये शेवटच्या उताराचा काळ वेगळा होता, पण 1970 च्या या सुटसुटीत यंत्रात तीनच नॉब ठेवले गेले. डाव्या बाजूला चाकांजवळ डिकेचा स्विच आहे. तो चालू असताना पट्टी सोडल्यावर स्वर डिकेच्याच वेगाने विरतो आणि बंद असताना लगेच तुटतो. छेडलेल्या स्वरासाठी तो चालूच हवा. आणखी एक गोष्ट, जी सस्टेन शून्यावर असताना फार जाणवते: आधीची पट्टी दाबलेली असताना पुढची दाबली, तर मूळ यंत्रात एन्व्हलप नव्याने सुरू होत नाही, त्यामुळे पुढचा स्वर जवळजवळ मुकाच राहतो. प्रत्येक पट्टी सोडून मग पुढची वाजवावी.

प्रश्नकर्ता:
आभारी आहे. कटऑफ खाली आणताच फरक कळला. मात्र आता वरच्या सप्तकातले स्वर दबलेले वाटतात.

प्रतिसाद १:
फिल्टरशेजारी कीबोर्ड कंट्रोलचे दोन स्विच आहेत. एकाने कटऑफ पट्टीबरोबर एक तृतीयांश प्रमाणात सरकतो, दुसऱ्याने दोन तृतीयांश, आणि दोन्ही लावल्यास पूर्ण. तेवढ्यासाठी एन्व्हलपची मात्रा वाढवू नका, नाहीतर खालचे स्वर कर्कश होतील. मी प्रथम दोन तृतीयांशाचा स्विच लावून ऐकतो. बहुतेक वेळा तेवढे पुरते.