मदत हवी आहे : शेक्सपियरची कमी वाचली जाणारी नाटके वाचावीत का?

सप्रेम नमस्कार. ‘हॅम्लेट’, ‘मॅकबेथ’, ‘ऑथेल्लो’ आणि ‘किंग लियर’ ही नाटके वाचून झाल्यावर आता ‘टायमन ऑफ अथेन्स’, ‘पेरिक्लीस’, ‘सिम्बेलीन’ अशा सहसा चर्चेत नसलेल्या नाटकांकडे वळावे की नाही, याबद्दल जाणकारांचे मत हवे आहे. ‘पेरिक्लीस’ 1623 च्या फोलिओतील (शेक्सपियरच्या नाटकांच्या पहिल्या एकत्रित संग्रहातील) 36 नाटकांमध्ये नव्हते आणि त्याचे पहिले दोन अंक बहुधा त्याच काळातील दुसरा नाटककार जॉर्ज विल्किन्स याचे आहेत, असे अभ्यासक मानतात. त्यामुळे ते हाती घेताना मन थोडे कचरते.

‘टायमन’ मात्र चाळताना एका प्रसंगाने मला धरून ठेवले: मित्रांनी पाठ फिरवल्यावर कफल्लक होऊन रानात आलेला टायमन पोटासाठी कंदमुळे खणतो आणि त्याला नेमके सोने सापडते. एवढा बोचरा उपरोध असलेले नाटक मागे का पडावे? (रचना विस्कळीत आहे, हे मान्य.) ‘कोरिओलेनस’मधला, मतांसाठी अंगावरच्या जखमा लोकांना दाखवायला तयार नसलेला सेनापतीही मला असाच खुणावतो.

ही नाटके ज्यांनी पूर्ण वाचली आहेत, त्यांनी मी कोणत्या नाटकापासून सुरुवात करावी, कोणते खुशाल वगळावे आणि टीपा असलेली आवृत्ती घ्यावी की आधी सलग संहिताच वाचावी, हे कृपया सकारण सांगावे.