कलम 30 तोंडपाठ, कलम 29 ऑप्शनला?

खडूस वाचक: कालच्या धाग्यात एकाने ठोकून दिलं की भाषा-संस्कृती जपायचा हक्क घटनेने फक्त अल्पसंख्याकांना दिला, बाकीच्यांच्या हातावर तुरी. खाली सगळ्यांची री! अहो, 29(1) उघडा. ‘अल्पसंख्याक’ हा शब्द शीर्षकात आहे, मजकुरात नाही. तिथे नागरिकांचा कोणताही गट म्हटलंय. शिक्षणसंस्था काढून चालवायचा 30(1) चा हक्क तेवढा अल्पसंख्याकांचा, आणि अल्पसंख्याक कोण हे राज्यागणिक ठरतं (सर्वोच्च न्यायालयाचा टी.एम.ए. पै निकाल, 2002, अकरा न्यायाधीश). बेळगावात मराठी माणूस अल्पसंख्याकच.

रोखठोक: शब्द सापडला, पेढे वाटा. मुंबईत भाषिक अल्पसंख्याक दर्जा घेतलेल्या इंग्रजी शाळांचं काय? दर्जा मिळाला की आरटीईच्या, म्हणजे शिक्षणहक्क कायद्याच्या, गरीब-वंचित मुलांसाठीच्या 25 टक्के जागांतून सुटका. भाषा राहिली पाटीवर.

तळटीप: सगळ्या अल्पसंख्याक शाळांना ती सुटका मिळाली सर्वोच्च न्यायालयाच्या प्रमती निकालाने, 6 मे 2014. त्याच दिवशी त्याच न्यायालयाने कर्नाटकला सांगितलं की मातृभाषेच्या माध्यमाची सक्ती करता येणार नाही. प्रमतीवर 2025 मध्ये दोन न्यायाधीशांनी शंका घेऊन प्रकरण वर धाडलंय.

रोखठोक: निकाल लागेपर्यंत पहिलीतली पोरं दहावीला बसतील.

सीमाभाग: मुंबई पुरे. घोडं कुठे पेंड खातं ते बघा. कलम 350अ म्हणजे भाषिक अल्पसंख्याक मुलांना मातृभाषेतून प्राथमिक शिक्षणाची सोय. अशा सोयीचा 1949 पासूनचा निकष: वर्गात 10 किंवा शाळेत 40 मुलं. ही संख्या दाखवायची कशावरून? प्रवेश अर्जातल्या ‘मातृभाषा’ रकान्यावरून! पालक तो कोरा सोडतात किंवा तिथे माध्यम लिहून मोकळे होतात. मग वर्गात 9, शाळेत 39, आणि साहेब म्हणतात मागणीच नाही. रकाना स्वतः भरा. शाळेच्या रजिस्टरात तेच उतरलंय का ते डोळ्यांनी बघा. सगळ्या पालकांचा एकच अर्ज करून वर्ग सुरू व्हायच्या आधी बीईओकडे (गटशिक्षणाधिकाऱ्याकडे) द्या, आवक क्रमांकासह पोच घ्या. शाळा सुरू झाल्यावर गेलात तर शिक्षकांची वाटणी झालेली असते.

रोखठोक: आणि बीईओने टोलवलं तर? 350ब चा भाषिक अल्पसंख्याक आयुक्त आहेच म्हणा. त्याचा अहवाल राष्ट्रपतींकडे, तिथून संसदेत. शिक्षक नेमायचा हुकूम काढायची ताकद शून्य.

खडूस वाचक: म्हणून तर कलम 226 खाली उच्च न्यायालय. तिथे भावना चालत नाहीत, रजिस्टरचा उतारा आणि ती पोच चालते. अर्ज न देताच याचिका केली तर ‘आधी अर्ज करा’ म्हणून परत पाठवतात.

जतकर: जत-अक्कलकोटच्या कन्नड शाळांनाही 10-40 लागू ना? की हक्क फक्त पलीकडे आणि इकडे आले की लाड?

रोखठोक: लागू. झालं समाधान?

जतकर: नाही. कन्नड वर्गावर कन्नड न येणारा शिक्षक पाठवला की कागदावर पद भरलेलं दिसतं, मग मागणी कसली करणार?

सीमाभाग: हीच रड आमचीही. मागणीत ‘त्या माध्यमातून शिकवू शकणारा’ हे शब्द घाला. नुसतं ‘शिक्षक द्या’ लिहिलं की कोणीही येतो.

रोखठोक: बरं, हे पटलं. मुंबईचं मात्र मी सोडणार नाही.