वायरमनचा परवाना आहे, झोन १ मध्ये (जिथे नेहमीच्या कामातही स्फोटक वायू-वाफ असू शकते) काम घेऊ का?

खेडचा वायरमन: लोट्याच्या एमआयडीसीत सॉल्व्हंट प्लांटवर बोलावलंय. परवाना आहे, फ्लेमप्रूफचं (आतला स्फोट बाहेरच्या वायूला पेटवू न देणाऱ्या बॉक्सचं) ट्रेनिंग नाही.

परशुराम इलेक्ट्रिक: भाऊ, नुसत्या परवान्यावर आत जाऊ नकोस. आयईसी ६००७९-१४ या आंतरराष्ट्रीय मानकात उभारणी करणाऱ्याकडे काय ज्ञान हवं ते दिलंय, देखभालीसाठी ६००७९-१७ आहे. आपल्याकडच्या खाऱ्या हवेत फ्लेमप्रूफ बॉक्सच्या फ्लँजला (झाकण बसतं त्या सपाट कडेला) गंज धरतो. त्या जोडाच्या फटीतूनच आतल्या स्फोटाचा तापलेला वायू थंड होऊन बाहेर पडतो, म्हणून तिथे खड्डे पडलेले चालत नाहीत. एक बोल्ट कमी असला तरी बॉक्स फ्लेमप्रूफ राहत नाही. पोरांनो, जीव जातो यात!

गुहागरकर: आखातात जायचं असेल तर आयईसीईएक्सची (स्फोटक जागेतल्या कामाचं आंतरराष्ट्रीय सर्टिफिकेट) युनिट ००१ (मूळ तत्त्वं) आणि ००३ (उभारणी) कर. सर्टिफिकेट ५ वर्षं चालतं.

खेडचा वायरमन: आधी झोनचा नकाशा मागतो. ट्रेनिंग झाल्याशिवाय काम घेत नाही.