चुलत आजोबांचा युद्धकाळातील चाकू: गंज काढावा, पण कितपत?

प्रश्न (नागपुरातील महालची रहिवासी):
नमस्कार. माझे चुलत आजोबा दुसऱ्या महायुद्धात रॉयल इंडियन आर्मी सर्व्हिस कोअरच्या (सैन्याची रसद आणि वाहतूक पाहणाऱ्या दलाच्या) खेचरांच्या तुकडीत होते. युद्ध संपल्यावर ते काटोलजवळच्या आपल्या बागेत परतले आणि सैन्यातून आणलेल्या घडीच्या चाकूनेच त्यांनी पुढे आयुष्यभर जंभेरीच्या (एका जातीच्या लिंबाच्या) रोपांवर संत्र्याचे डोळे भरले, म्हणजे कलमे केली. हा चाकू चुलत आजींनी आता माझ्याकडे सोपवला आहे. त्याला आखूड पाते, डबा उघडण्याचे पाते, पाठीमागे जाड टोचा आणि दोरी ओवण्याची कडी आहे. पात्याच्या मुळाशी बाणाचे चिन्ह, त्याखाली इंग्रजी ‘आय’ आणि १९४३ हे साल आहे. मुख्य पाते घासून अरुंद झाले आहे आणि टोच्याचा सांधा गंजाने धरला आहे. इतवारीतल्या एखाद्या कारागिराकडून बफिंग करून, म्हणजे फिरत्या चाकावर घासून, तो नव्यासारखा करून घ्यावा, असे घरच्यांचे मत आहे. मला ते पटत नाही, पण गंज वाढू देणेही योग्य वाटत नाही. शिवाय टोचा खेचरांच्या खुरातील खडे काढण्यासाठी होता, हे खरे का? आणि असा चाकू ठेवायला परवाना लागतो का?

उत्तर (जुनी अवजारे, कामठी रोड):
ताई, बफिंग कृपया मुळीच करू नका. तो बाण ब्रिटिश काळातील सरकारी मालमत्तेची खूण आहे आणि त्यासोबतचा ‘आय’ भारतीय लष्करी भांडाराचा. हे ठसे उथळ असतात आणि चाकावर एकदा घासले गेले की परत येत नाहीत. जुनी पाती बहुधा साध्या कार्बन पोलादाची असतात, त्यांवरचा करडा-काळपट थर पोलादाचे रक्षण करतो, म्हणून तो राहू द्यावा. काढायचा तो केवळ लालसर, बोटाला लागणारा गंज, आणि तोही शिलाई मशीनच्या तेलात भिजवलेल्या सुती फडक्याने, हळूहळू. सांध्यात रॉकेलचे थेंब सोडून रात्रभर ठेवावे आणि दुसऱ्या दिवशी टोचा हाताने जेमतेम हलेल इतकाच हलवावा. पक्कड लावून ओढल्यास आतील पोलादी कमान तुटण्याची भीती असते. मूठ काळ्या जुन्या प्लॅस्टिकची असेल तर गरम पाणी किंवा थिनर वापरू नये. आपल्याकडे उन्हाळाभर काही होत नाही, खरा धोका पावसाळ्यात असतो. त्या दिवसांत चामड्याच्या म्यानात किंवा बंद पिशवीत ठेवलेले पोलाद लवकर गंजते.

उत्तर (सेवानिवृत्त शिक्षक, धरमपेठ):
खुरातील खड्यांची समजूत फार दूरवर पसरलेली आहे. मुळात हा टोचा दोरखंडाच्या कामाचा: आवळलेल्या गाठी सोडवायच्या, दोराचे पीळ उकलून दोन टोके जोडायची. खेचरांवरचे ओझे दोरांनीच आवळत असल्यामुळे आपल्या आजोबांना त्याचा रोजचा उपयोग झाला असणार, आणि प्रसंगी त्यांनी खडाही काढला असेल. याच कोअरच्या खेचर तुकड्या १९४० मध्ये फ्रान्समध्ये होत्या आणि त्यांतील काही डंकर्कहून परतल्या, पण चाकूवरील साल पाहता तो त्यांना त्यानंतरच मिळाला. तेव्हा अशा तुकड्या ब्रह्मदेशात आणि इटलीतही होत्या. आजींकडे डिस्चार्जचे कागद असतील तर त्यांवरील लष्करी क्रमांक जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात दाखवून पुढील चौकशीचा मार्ग विचारावा.

उत्तर (वकील, सिव्हिल लाइन्स):
शस्त्र अधिनियम, १९५९ खालील नियमांत ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याची धारदार शस्त्रे येतात आणि घरगुती वा शेतीच्या कामाची अवजारे त्यांतून वगळलेली आहेत. आपला घडीचा चाकू त्या मापाच्या आसपासही नाही. विमानप्रवासात मात्र तो हातातील सामानात नेऊ नये.

प्रतिसाद (महालची रहिवासी):
आपणा सर्वांची मनापासून आभारी आहे. डिस्चार्जचे कागद आजींच्या ट्रंकेत आहेत, येत्या आठवड्यात पाहते. एक शंका उरते: अरुंद झालेल्या पात्याचा मूळ आकार पुन्हा आणता येतो का?

उत्तर (जुनी अवजारे, कामठी रोड):
येत नाही, आणि आला असता तरी मी नको म्हटले असते. ते पोलाद लढाईत झिजलेले नाही, डोळे भरताना धार तलम हवी म्हणून आजोबांनी वर्षानुवर्षे दगडावर स्वतः घासलेले आहे. बाणाचा ठसा सरकारचा आहे, तर ही झीज त्यांच्या हातची. धार लावायचीच असेल तर बारीक दगडावर, पाणी घालून, हातानेच लावा आणि ठसा असलेला भाग त्या वेळी चिकटपट्टीने झाकून घ्या.