पाटे वाढवण्याआधी

कांद्याच्या गोण्या भरल्या की पिकअप मागून बसते, म्हणून मागच्या स्प्रिंगला दोन पाटे (पोलादी पट्ट्या) वाढवावेत का, हा मूळ प्रश्न. वर बहुतेकांनी ‘बिनधास्त टाका’ म्हटलंय. मी टाकलेत, म्हणून थोडी भर.

दोन जाड पाटे टाकले आणि भरलेली गाडी सरळ उभी राहिली. पण रिकामी परत येताना अशी उडायची की डब्यातला चहा शर्टावर! शेवटी एक काढून टाकला. आता लोड असला की बरी चालते, रिकामी असताना सहन होते. यू-बोल्ट (पाटे ॲक्सलला आवळून धरणारे बोल्ट) मात्र नवेच घ्या, जुने पुन्हा आवळू नका, आणि ५०० किलोमीटरनंतर परत टाईट करून घ्या.

एक गोष्ट गॅरेजवाले सहसा सांगत नाहीत. बऱ्याच पिकअपना मागच्या ॲक्सलजवळ लोडप्रमाणे ब्रेक वाटणारा व्हॉल्व्ह असतो. पाट्यांनी मागची बाजू उचलली गेली की त्याला गाडी रिकामीच वाटते, आणि भरल्या गाडीचे मागचे ब्रेक कमी लागतात. त्याची दांडी नव्या उंचीप्रमाणे सेट करून घ्या. माझ्या गाडीची दांडी सेट नाही हे घाटात उतरताना कळलं, तेव्हा घाम फुटला होता.

आणि पाटे वाढले म्हणून पासिंग (कागदोपत्री मंजूर वजन) वाढत नाही हो. ॲक्सल, बेअरिंग, टायर तेच. ओव्हरलोडला दंड २०,००० रुपये, वर प्रत्येक जादा टनाला २,०००. ट्रॉली ओढणार असाल तर तिचं वजनही धरा.