मदत हवी आहे: नवीन वर्षाची सुरुवात बलूनमधून, सोबत आईचा नवा गुडघा आणि पाच वर्षांची भाची

नमस्कार मंडळी,

येणाऱ्या नवीन वर्षाचं स्वागत हॉट एअर बलूनमधून करायचं असं आमच्या घरी ठरलंय. खरं तर आईने ठरवलंय. ती ६६ वर्षांची आहे. आठ महिन्यांपूर्वी तिचा उजवा गुडघा बदलला. व्यायाम करून दमली की ती बलूनचे व्हिडिओ बघत पडून राहायची. एकदा म्हणाली, "मला नीट चालता यायला लागलं ना, की एकदा यात बसव." आता ती जिने चढते, रोज तासभर फिरते. तिने तिचा शब्द पाळला, आता माझी पाळी आहे.

जाणारे आम्ही सहाजण: आई, मी, नवरा, भाऊ आणि त्याची दोन मुलं. भाचा ११ वर्षांचा, भाची चिमी ५ वर्षांची.

मनात होतं की ३१ डिसेंबरला रात्री बारा वाजता आपण आकाशात असावं आणि खाली सगळीकडे आतषबाजी दिसावी. एका बलूनवाल्याला फोन केला तर त्याने कारण न सांगताच नाही म्हटलं. दुसरा म्हणाला जमेल, पण बलून दोराने बांधलेला असेल. असं का? हिवाळ्यात बलून उडवणं मुळात सुरक्षित असतं का? वर थंडी किती लागते?

सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आईचा. तिच्या सर्जनना विचारलं, तर ते म्हणाले, "उतरताना नेमका किती आणि कसा धक्का बसतो ते मला सांगा, मग मी हो किंवा नाही सांगतो." ते मला कुठेच नीट सापडलं नाही. ज्यांनी प्रत्यक्ष अनुभव घेतलाय त्यांनी कृपया सविस्तर लिहा. मला आईला खोटी आशा दाखवायची नाही आणि उगाच अडवायचंही नाही.

आगाऊ धन्यवाद.

प्रतिसाद – पहाटवारा

ताई, मी दोन वेळा बसलोय, दोन्ही वेळा कडाक्याच्या थंडीत. आधी थंडीचं सांगतो.

वर वारा लागत नाही. बलून वाऱ्याबरोबरच जात असतो, त्यामुळे टोपलीत उभं राहिलं की सगळं स्तब्ध वाटतं. डोक्यावर बर्नरची धग असते, ती इतकी की उंच माणसाने टोपी घालावीच. थंडी वाजते ती जमिनीवर. अंधारात, दवाने भिजलेल्या गवतात उभं राहून बलूनमध्ये हवा भरली जाताना बघायचं असतं, त्यात पाय गारठतात. जाड मोजे आणि घोट्यापर्यंतचे बूट घ्या, बाकी कपडे एकावर एक थरांचे. फोन आतल्या खिशात ठेवा, थंडीत बॅटरी भराभर उतरते.

माझी एक चूक सांगतो. पहिल्या वेळी आम्ही सहलीच्या शेवटच्या दिवसाचं बुकिंग केलं होतं. त्या पहाटे धुकं उतरलं, उड्डाण रद्द झालं आणि दुपारी परतीचं विमान होतं. पैसे परत न देता पुढच्या वेळेसाठीचं व्हाउचर हातात ठेवलं. बायको गाडीत काही बोलली नाही, पण तिचे डोळे भरून आले होते. दुसऱ्या वेळी पहिल्याच दिवसाचं बुकिंग केलं आणि पुढचे दोन दिवस राखीव ठेवले. तुम्हीही तेच करा. १ जानेवारीच्या एकाच पहाटेवर सगळा आनंद टांगून ठेवू नका.

प्रतिसाद – दोरखंड

मी चार हिवाळे एका बलूनच्या ग्राउंड क्रूमध्ये काम केलंय, त्यामुळे थोडं लांबलचक लिहितो.

हिवाळा हा बलूनसाठी वाईट ऋतू नाहीच. स्वित्झर्लंडमधल्या शातो-दे या गावात दर जानेवारीत बर्फात बलूनचा आंतरराष्ट्रीय महोत्सव भरतो. बर्ट्रांड पिकार आणि ब्रायन जोन्स १९९९ मध्ये न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा करायला निघाले तेही तिथूनच, १ मार्चला. तुमच्या भाच्याला हे सांगा, त्याला आवडेल.

बलून वर जातो तो आतल्या आणि बाहेरच्या हवेच्या वजनातल्या फरकामुळे. समुद्रसपाटीला ० अंश तापमानाची एक घनमीटर हवा साधारण १.२९ किलोची असते, १०० अंशांची ०.९५ किलोच्या आसपास. म्हणजे आतली हवा १०० अंशांवर असेल, तर दर घनमीटरमागे जवळजवळ ३४० ग्रॅम उचल मिळते. बाहेर ३० अंश असतील तर तीच उचल २२० ग्रॅमपर्यंत खाली येते. ३००० घनमीटरच्या बलूनसाठी हा फरक साडेतीनशे किलोंहून जास्त आहे! म्हणून थंडीत गॅस कमी जळतो आणि नायलॉनच्या कापडावरही ताण कमी येतो.

थंडीची एकच खरी अडचण असते, सिलिंडर. प्रोपेन उणे ४२ अंशांना उकळतो. हवा गार होत जाते तसा त्याचा दाब उतरतो आणि बर्नरची ज्योत मंदावते. म्हणून चांगले लोक रात्री सिलिंडर उबेत ठेवतात किंवा त्यात नायट्रोजनचा दाब भरतात. बुकिंग करताना बिनधास्त विचारा, "थंडीत सिलिंडरची काय काळजी घेता?" ज्याला या प्रश्नाचं पटकन उत्तर देता येत नाही त्याच्याकडे आईला नेऊ नका. पायलटचं व्यावसायिक लायसन्स आणि प्रवाशांचा विमाही बघून घ्या.

आता मध्यरात्रीचं. बलूनला सुकाणू नसतं. वेगवेगळ्या उंचीवर वारा वेगवेगळ्या दिशेने वाहतो. खाली-वर होऊन हवा तो वारा पकडायचा, एवढंच पायलटच्या हातात असतं. उतरायची जागा तो डोळ्यांनी शोधतो. अंधारात विजेच्या तारा दिसत नाहीत, आणि आम्ही सगळ्यात जास्त भितो ते तारांना. त्यात खालून आतषबाजी आणि वर नायलॉनचं कापड व गॅसचे सिलिंडर. ज्याने नाही म्हटलं त्याने तुमचं भलंच केलं. दोराने बांधलेला बलून हा वेगळा प्रकार आहे. अंधारात बर्नर पेटला की अख्खा बलून कंदिलासारखा उजळतो, फार सुंदर दिसतं ते. पण तोही आतषबाजीपासून दूरच हवा, आणि त्याला मोकळ्या उड्डाणापेक्षाही शांत हवा लागते, कारण बांधलेल्या बलूनला वारा ढकलतो.

प्रतिसाद – धागाकर्ती

पहाटवारा, दोरखंड, मनापासून आभार. मध्यरात्रीचा विचार सोडला. सूर्योदयाचंच बघते. दोरखंड, उतरण्याबद्दल सांगाल का? सर्जनना तेच हवंय.

प्रतिसाद – दोरखंड

हो, ते मुद्दाम वेगळं लिहायचं होतं.

वारा पडलेला असेल तर टोपली खुर्ची ठेवावी तशी टेकते. पण तसंच होईल असं धरून चालू नका. जमिनीलगत ताशी १५ किलोमीटरचा वारा असेल तर टोपली टेकते, उडते, पुन्हा टेकते, थोडी फरफटत जाते आणि कधी आडवी होते. बर्फावर ती लांबपर्यंत घसरते, मात्र घसरणं मऊ असतं. उतरण्याआधी पायलट सगळ्यांना एक पवित्रा घ्यायला लावतो: पाठ जायच्या दिशेला, पाय जुळवलेले, गुडघे किंचित वाकवलेले, दोन्ही हातांनी आतल्या दोऱ्या घट्ट धरलेल्या. धक्का गुडघ्यांनीच झेलायचा असतो. तो सांगेपर्यंत कुणी बाहेर पडायचं नाही. एक माणूस जरी उतरला तरी टोपली हलकी होते आणि पुन्हा उचलली जाऊ शकते.

शिवाय आत चढणं आहे. टोपलीची भिंत छातीपर्यंत येते, पाय ठेवायला भिंतीत भोकं असतात, त्यांवरून चढून पलीकडे उडी न मारता उतरायचं. मग तासभर उभं राहायचं. दार असलेल्या, आत बसायला आसन असलेल्या टोपल्याही असतात, त्याची चौकशी करा. हे सगळं सर्जनना जसंच्या तसं वाचून दाखवा. त्यांनी नाही म्हटलं तर नाही.

पाच वर्षांच्या भाचीबद्दल माझं मत स्पष्ट आहे, नेऊ नका. तिला भिंतीवरून दिसणार नाही, बर्नरचा आवाज मोठा असतो, आणि उतरताना ती घाबरून दोरी सोडेल. बहुतेक ठिकाणी मुलांसाठी उंचीची अट असते ती याचसाठी.

प्रतिसाद – शुक्रतारा

सूर्योदयाच्या वेळेबद्दल एक गोष्ट. २१-२२ डिसेंबरला दिवस सगळ्यात लहान असला, तरी उत्तर गोलार्धात सूर्योदय त्यानंतरही काही दिवस उशिराच होत जातो. त्यामुळे डिसेंबरच्या मध्यात कुणी सांगितलेली वेळ धरू नका, त्या दिवसाची वेळ बघा. मैदानावर त्याच्या तासभर आधी पोचायचं असतं. म्हणजे ३१ च्या रात्री जागरण करून १ ला बलूनमध्ये बसणं आईंना झेपणार नाही. पायलटचीही झोप झालेली हवी, त्यामुळे १ जानेवारीला ते उडतात का ते आधीच विचारून घ्या. आणि वजन विचारतील तेव्हा हिवाळी कपडे आणि बुटांसकट खरं वजन सांगा.

प्रतिसाद – धागाकर्ती

उशिरा लिहितेय, क्षमस्व.

दोरखंड, तुमचा प्रतिसाद छापून सर्जनकडे नेला. त्यांनी दोनदा वाचला. म्हणाले, वर्ष पूर्ण होऊ द्या, मग दार आणि आसन असलेली टोपली मिळाली तर बघू, या हिवाळ्यात नको. परतताना आई बराच वेळ खिडकीबाहेर बघत होती. मला वाटलं सगळंच रद्द करावं. रात्री जेवताना तिने विचारलं, "तो बलून उतरल्यावर तुम्हाला आणायला कोण येतं?" मी क्रूची गाडी बलूनच्या मागे मागे कशी जाते ते सांगितलं. ती म्हणाली, "मग मी आणि चिमी त्या गाडीत. तुम्ही वरून हात करा, आम्ही खालून पाठलाग करतो."

बलूनवाल्याशी बोलणं झालंय, तो तयार आहे. बुकिंग ३० डिसेंबरच्या पहाटेचं, ३१ आणि १ राखीव. तिन्ही दिवस धुकं राहिलं तरी आई म्हणते दोराने बांधलेला बलून रात्री उजळलेला बघू, तेवढंही पुरे. पुढच्या हिवाळ्यासाठी आसनवाली टोपली कुणाकडे आहे हे मी आत्तापासूनच विचारतेय.

एकच शंका राहिली. क्रूच्या गाडीत आईला पुढच्या सीटवर बसता येतं का? मागे बसून तिला आभाळ दिसणार नाही.

प्रतिसाद – दोरखंड

पुढे सहसा वायरलेसवर पायलटशी बोलणारा माणूस बसतो. पण आधी सांगून ठेवा, आम्ही असे पाहुणे आले की मागे सरकायचो. वायरलेस आईंच्या हातात द्यायला सांगा.